बारा हजार लिटरचा माणूस

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. ही वही मागचा भाडेकरू खोली सोडताना विसरून गेला. पहिल्या चार पानांवर कॉम्प्युटरचं काहीतरी आहे. फाडली नाहीत, फाडली की मागची पानंही सुटतात.

काल मारुंजीत अण्णासाहेबांच्या यार्डवर बोर्ड पाहिला. 'डिझेल टँकरसाठी ड्रायव्हर पाहिजे. हेवी लायसन्स, धोकादायक मालाचं ट्रेनिंग, निर्व्यसनी.' वाचताना अंगावर काटा आला. हा बोर्ड माझ्यासाठीच लिहिला आहे. लायसन्स आहे. दहा वर्षांपूर्वी डंपर घ्यायचा होता तेव्हा काढलं. डंपर आला नाही, लायसन्स आलं. ट्रेनिंग तीन दिवसांचं असतं, करून टाकू. निर्व्यसनी आजपासून.

सकाळी ७.४०
निर्व्यसनी उद्यापासून. पाकिटात चार सिगरेटी राहिल्यात. टाकून देणं पटत नाही.

७ जानेवारी, मंगळवार
अपेक्षाला सांगितलं. भाकरी थापत होती, थापतच राहिली. म्हणाली, रसवंती झाली, कोंबड्या झाल्या, ड्रोननं लग्नाचं शूटिंग झालं, आता डिझेल व्हय? रसवंतीचं मशीन चांगलं होतं, गिऱ्हाईक चुकीचं होतं, हे मी तिला परत एकदा समजावलं.

मग तिने अट घातली. महाशिवरात्रीपर्यंत टँकरवर लागलो तर लागलो. नाहीतर तिचा धाकटा भाऊ राजू, त्याच्या मारुंजीच्या हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर बसायचं. राजूने दोनदा विचारलंय म्हणे. राजू वाईट नाही. दाजी दाजी म्हणतो, मान देतो. पण मेहुण्याच्या हाताखाली? आमच्या गावात, नांद्यात, तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

खरं सांगायचं तर (इथे खोटं कोणाला सांगणार) जमीन आबांच्या नावावर. आबा म्हणजे आमचे वडील कुशाबा. खोल्याही आबांच्याच, भाडंही तेच घेतात. बाईक सासऱ्यांनी दिलेली. अडतीस वर्षांचा झालो, माझं स्वतःचं म्हणावं असं फक्त आधार कार्ड. एक गोष्ट मी मिळवलेली पाहिजे. एकच. ती बारा हजार लिटरची असली तर उत्तम.

९ जानेवारी, गुरुवार
वरच्या मजल्यावर वेदांत राहतो. मूळ यवतमाळचा, हिंजवडीत आयटीत आहे. त्याच्याकडून बायोडाटा करून घेतला. त्याने विचारलं, दादा, एक्सपिरियन्स काय टाकू? म्हटलं, ट्रॅक्टर. त्याने टाकलं, 'ऑफ-रोड हेवी व्हेइकल ऑपरेशन्स, पंधरा वर्षं'. वरती ठळक अक्षरात, 'डायनॅमिक लॉजिस्टिक्स प्रोफेशनल'. पोरगं हुशार आहे. त्याच्या गीझरची तक्रार या आठवड्यात बघायची.

अण्णासाहेबांनी बायोडाटा हातात घेतला, उलटा केला आणि त्याच्यावर चहाचा कप ठेवला. म्हणाले, आमाला विंग्रजी न्हाई पायजे, ब्रेक मारता आला पायजे. आधी ट्रेनिंगचा कागद आण, मंग गाडी हातात दिऊन बघू.
कप ठेवला म्हणजे कागद जवळ ठेवला. निवड जवळजवळ नक्की.

१२ जानेवारी, रविवार. दुपारी
सराव. चंद्रकांत माझा शाळेपासूनचा दोस्त. सोसायट्यांना पाण्याचे टँकर पुरवतो. पाणी काय, डिझेल काय, दोन्ही पातळच. त्याने निम्मा भरलेला टँकर दिला आणि शेजारी बसला.

रस्त्यावर फर्स्टक्लास चालवला. सोसायटीच्या गेटपाशी ब्रेक मारला. टँकर थांबला, आतलं पाणी थांबलं नाही. ते पुढे गेलं, टँकरला घेऊन. मग मागे आलं. मग परत पुढे. वॉचमनची खुर्ची गेली. वॉचमन आधीच उठला होता, अनुभवी माणूस. वरचं झाकण उघडं राहिल्याने उरलेलं पाणी सोसायटीच्या सेक्रेटरींवर आणि त्यांच्या कुत्र्यावर आलं. सेक्रेटरी इंग्लिशमध्ये बोलले. कुत्रा बोलला नाही, पण त्याचं माझ्याबद्दलचं मत दिसत होतं.

चंद्रकांत म्हणाला, ब्रेक मारायच्या आदी मारायचा असतो रं. नोंद करून ठेवतो. ब्रेक, मारण्याआधी मारणे.
चूक टँकर निम्मा असण्याची होती. मी फुल टँकरचा माणूस आहे.

१५ जानेवारी, बुधवार
सिगरेट: दोन. पण दोन्ही अर्ध्या, म्हणजे एक. त्यातली एक चंद्रकांतची, म्हणजे माझी शून्य.

२० जानेवारी, सोमवार
ट्रेनिंग सुरू. शिकवायला बंडोपंत म्हणून आहेत. पासष्टीचे, पांढरा शर्ट, खिशाला चार पेनं. आयुष्य तेलाच्या डेपोत सेफ्टी बघण्यात गेलं. शुद्ध पेठेतली भाषा. पहिलंच वाक्य असं की, इंधनाच्या गाडीजवळ ठिणगी म्हणजे काय, हे मी आपल्याला तीन दिवस सांगणार आहे आणि तरीही आपल्यातला एक जण विसरणार आहे. बोलताना माझ्याकडे बघत होते. पहिल्या बाकावर बसलं की शिक्षक हुशार मुलाला हेरतात.

२१ जानेवारी, मंगळवार
किती गोष्टी! नायलॉनचे कपडे घालायचे नाहीत, घासून ठिणगी पडते. मोबाईल बंद. माल उतरवण्याआधी गाडीला अर्थिंगची वायर. आणि रिकामा टँकर भरलेल्यापेक्षा वाईट, कारण आत वाफ असते. हे ऐकून मी मोठ्याने 'अरे बापरे' म्हणालो. बंडोपंतांना बरं वाटलं असणार, ते क्षणभर थांबले.

२२ जानेवारी, बुधवार. संध्याकाळी
सर्टिफिकेट मिळालं. लॅमिनेट केलं. सेफ्टी घरापासून सुरू होते असं बंडोपंत म्हणतात, म्हणून आल्या आल्या घराची तपासणी केली. गॅसच्या शेगडीपाशी वाळूची बादली ठेवली. अपेक्षाच्या नायलॉनच्या दोन साड्या धोकादायक म्हणून बाजूला काढल्या. तिने त्या परत जागेवर ठेवल्या. बाईकला मागे साखळी बांधली, अर्थिंग. गावातून जाताना आवाज येतो, लोक वळून बघतात.

आमच्याकडे देवघर आणि गॅस शेजारी शेजारी आहेत. दिव्याची वात आणि सिलिंडर यांच्यात टेप लावून मोजलं, साडेतीन फूट. आईला म्हटलं, एक काहीतरी हलव. आईने गॅस हलवला.
आबा बाजेवरून म्हणाले, सारजे, ह्ये येडं झालंय का? आई म्हणाली, आवं, शिकून आलंय.

३ फेब्रुवारी, सोमवार
आरटीओत लायसन्सवर शिक्का पडला, 'धोकादायक माल'. अपेक्षाला दाखवला. म्हणाली, मला म्हाईत व्हतं, सरकारला आज कळलं. पण हसली. बऱ्याच दिवसांनी माझ्या कामाला हसली. त्या हसण्यात टिंगल किती आणि कौतुक किती ते मोजलं नाही.
अण्णासाहेबांना फोन केला. टेस्ट पुढच्या सोमवारी, यार्डात. बंडोपंत स्वतः बघायला येणार. म्हणजे त्यांना यायची इच्छा झाली असणार.

९ फेब्रुवारी, रविवार
उद्याचा प्लॅन. एक, आंघोळ. दोन, सुती शर्ट. तीन, ब्रेक मारण्याआधी मारणे. चार, सिगरेट पूर्ण बंद. लायटर चंद्रकांतला कायमचा देऊन टाकला. त्याने तो लगेच वापरला, माझ्या तोंडासमोर. मी हललो नाही.

आईने पूजेची पिशवी भरून ठेवली आहे. आमच्या घरात पूजेशिवाय चाक फिरत नाही. ट्रॅक्टरची झाली, बाईकची झाली. वेदांतने वॉशिंग मशीन आणलं तेव्हा आईने वर जाऊन त्यालाही कुंकू लावलं. तो घाबरून म्हणाला, काकू, वॉरंटी जाईल. गेली नाही. उलट सगळ्या बिल्डिंगमध्ये तेच एक मशीन अजून चालू आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.३०
खिसे रिकामे. मन शांत. आबांच्या पाया पडलो. ते म्हणाले, सावकास चालीव. एवढंच म्हणाले, पण उठून दारापर्यंत आले. रसवंतीच्या वेळी आले नव्हते.

त्याच दिवशी. संध्याकाळी ५
जे झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे उगाच गैरसमज राहणार नाहीत.

गेटवरच्या वॉचमन मामांनी मोबाईल घेतला. बिडी, काडी, लायटर काय हाय का विचारलं. मी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. असा अभिमान मला लग्नातही वाटला नव्हता. मामांनी पिशवीत डोकावलं, वरती नारळ दिसला, त्यांनी नमस्कार केला आणि मला आत सोडलं.

टँकर उभा होता. आदल्या दिवशीच डिझेल उतरवून आलेला, रिकामा. पांढरा, लांब, उन्हात चमकणारा. पहिल्यांदा कोणीतरी मला चावी देणार होतं, आणि ती आबांमुळे नाही, सासऱ्यांमुळे नाही. अण्णासाहेब ऑफिसच्या पायरीवर, बंडोपंत जरा लांब, हातात वही.

मी म्हणालो, साहेब, पाच मिनिटं, पूजा करून घेतो. अण्णासाहेब खूश झाले. म्हणाले, कर की, संस्कार हायेत म्हणायचं. बंपरवर स्वस्तिक काढलं, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. इथपर्यंत सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. हे लिहून ठेवायला हवं, कारण नंतर कोणी सांगत नाही.
मग विड्याच्या पानावर कापराच्या पाच वड्या ठेवल्या आणि आईने दिलेल्या काडेपेटीतली काडी ओढली.

बंडोपंत पळत आले. पासष्टीचा माणूस इतका पळू शकतो हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, आरती घ्यायला येतायत. म्हणून मी पान त्यांच्याकडे पुढे केलं.
त्यांच्या हातात आग विझवायचा लाल सिलिंडर होता. त्यांनी तो पूर्ण माझ्यावर रिकामा केला. काडी, पान, नारळ, स्वस्तिक, मी, सगळं पिठासारखं पांढरं. भोंगा वाजला. दोन ड्रायव्हर भिंतीवरून उडी मारून शेजारच्या लॉनमध्ये गेले, तिथे साखरपुडा चालू होता. अण्णासाहेब पायरीवर दिसेनात. नंतर टेबलाखालून निघाले.

नोंद राहावी. कापूर पेटला नव्हता. पेटली होती ती काडी.

बंडोपंत बराच वेळ श्वास घेत होते. मग म्हणाले, मी तीन दिवस काय शिकवत होतो? मी म्हणालो, साहेब, आपण सिगरेट सांगितली, मोबाईल सांगितला, नायलॉन सांगितलं. देवाचं सांगितलं नव्हतं.
अण्णासाहेब म्हणाले, जा हितनं. परत ह्या गेटातनं आत दिसलास तर... आणि थांबले. वाक्य अर्धं सोडलं म्हणजे निर्णय अजून झालेला नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
कानात अजून पावडर आहे. आईने विचारलं, नारळ फुटला का? म्हटलं, नाही, फोडायचा राहिला. आई म्हणाली, त्येच! त्येच्यामुळंच झालं समदं.
अपेक्षाने माझा शर्ट तीनदा धुतला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
यार्डातल्या कॅमेऱ्याचं शूटिंग ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर फिरतंय. लवळ्याच्या कॉलेजच्या पोरांनी त्याला आरतीचं म्युझिक लावलंय. आज मारुंजीत चहाच्या टपरीवर एक अनोळखी माणूस मला बघून मागे सरकला. ओळख वाढते आहे.
सिगरेट: शून्य. टपरीवर आता मला कोणी काडी देत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी
बंडोपंतांचा फोन! शनिवारी ट्रेनिंगच्या हॉलवर या म्हणाले. कशाला ते बोलले नाहीत. अशा गोष्टी फोनवर बोलत नाहीत. अण्णासाहेबांचं अर्धं वाक्य पूर्ण झालं असणार.
अपेक्षाला म्हणालो, बघ, शिवरात्रीच्या आत. ती म्हणाली, बघू. राजूला सध्या नको म्हणून कळवायला सांगितलं. कळवते म्हणाली, कळवलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी
सुती शर्ट, कडक इस्त्री. हॉलमध्ये नवीन बॅचचे तीस ड्रायव्हर. बंडोपंतांनी मला पहिल्या रांगेत बसवलं, दिवे घालवले आणि पडद्यावर मला लावलं.

अख्खं शूटिंग. एकदा साध्या स्पीडने, एकदा हळू. हळू बघितलं की मी पान पुढे करतो ते फार प्रेमाने करतो असं दिसतं. लोक बाकं बडवत होते. मग बंडोपंतांनी दिवे लावले आणि म्हणाले, हे गृहस्थ इथे उपस्थित आहेत. कृपया उभे राहा.

उभा राहिलो. हसू दुप्पट झालं. बंडोपंतांनी हात वर केला आणि शांतपणे विचारलं, कैलासराव, तीन दिवस शिकूनही असं का केलंत? मी कारणं पाठ करून आलो होतो. वॉचमनची चूक, पिशवी आईने भरली, सिलॅबसमध्ये देव नव्हता. एकही आठवेना. म्हणालो, साहेब, पहिल्यांदाच कायतरी माझं होणार व्हतं. तसंच कसं बसायचं त्याच्यात?
हसणं एकदम नाही, पण हळूहळू थांबलं. तिसातल्या निम्म्यांच्या घरी गाडीची पूजा होत असणार.

मागून एक तरणा ड्रायव्हर उठला, दिग्विजय, पौडकडचा. त्याने विचारलं, सर, मंग पूजा करायची तरी कुटं? बंडोपंतांनी पुस्तक चाळलं. पुढून मागे, मागून पुढे. त्यात नव्हतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, गेटाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, माल भरायच्या आदी. हळद-कुंकू, हार, नारळ. कापूर-उदबत्ती घरी देवापुढं, गाडीपाशी न्हाई. बंडोपंतांनी ते फळ्यावर लिहिलं. तीस जणांनी वहीत उतरवलं. माझं नाव लिहिलं नाही, पण वाक्य माझं.

निघताना म्हणाले, दर बॅचला याल का? पाच मिनिटं लागतील. मी हो म्हणालो.
घरी येऊन सांगितलं, लागलो. गेस्ट लेक्चरर. अपेक्षाने विचारलं, पगार? म्हटलं, पोहे आणि चहा. ती म्हणाली, रोज? म्हटलं, महिन्यातून दोनदा. ती पदर तोंडाला लावून आत गेली. हसत होती का ते कळलं नाही.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
उपवास. मुदत आज संपली. अपेक्षाने आठवण करून दिली नाही, साबुदाण्याची खिचडी वाढली आणि शेजारी बसली.
राजू स्वतः आला. चप्पल बाहेर काढून, हात जोडून. म्हणाला, दाजी, मला इस्वासाचा मानूस पायजे, बाहेरचा नको. तुमी आलात तर मला आधार व्हईल. मी विचार करून सांगतो म्हणालो. अकरा मिनिटं विचार केला.

१० मार्च, सोमवार
दुकानात दुसरा आठवडा. राजू आत बसतो, मी काउंटरवर. गर्दी असते. नवीन बिल्डिंगांची कामं, प्लंबर, सुतार, हिंदी बोलणारे गवंडी.

बाराच्या सुमारास समोर टँकर येऊन थांबला. तोच. पांढरा, लांब. बंपरवर हळद-कुंकू आणि झेंडूचा ताजा हार. आतून दिग्विजय उतरला. अण्णासाहेबांकडे लागला. मला सर म्हणाला, पाया पडायला वाकला, मी धरलं. त्याला पाईपची क्लिप पाहिजे होती. दिली. म्हणाला, सर, गल्ली बारीक हाय, मागं टेम्पो लागल्यात, जरा रिव्हर्स काढून द्याल का?

मागे जाऊन उभा राहिलो. येऊ दे, येऊ दे. डावी मार. येऊ दे. टेम्पोवाल्याला सरकवलं, दोन बाईका उचलून बाजूला ठेवल्या. येऊ दे. बस. टँकरच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. उन्हाने तापला होता, हाताला चटका बसला. हॉर्न देऊन तो हिंजवडीच्या दिशेने गेला.

मला तो टँकर पाहिजे होता. खरंच पाहिजे होता. बाकी कारणं काही नाहीत, मीच काडी ओढली.

राजूने आतून हाक मारली, दाजी, गिऱ्हाईक थांबलंय. त्याने दोनदा मारली होती म्हणे. गिऱ्हाईकाला दोन इंची खिळे अर्धा किलो पाहिजे होते. दिले.